नाखवा मास्तरांची मातृभाषा

डोंबिवली पूर्वेच्या मधुमालती सोसायटीत नाखवा मास्तरांच्या घरी दोन भाषा चालत. एक दार उघडं असताना आणि दुसरी दार लावल्यावर. दार उघडं असलं की मास्तर बायकोला म्हणायचे, "शेवंती, जरा पाणी देतेस का?" आणि दार लागलं की, "शेवंते, पानी आन गो." बेल वाजली की मास्तर, शेवंतीबाई आणि त्यांचा शाळकरी मुलगा अशा घरातल्या तिघांनाही अर्ध्या वाक्यात भाषा बदलायची सवय झालेली. एकदा तर शेवंतीबाईंनी कोळी बोलीत सुरू केलेलं भांडण मध्येच बेल वाजल्यामुळे शुद्ध मराठीत संपवावं लागलं. त्यात त्या हरल्या, कारण नवऱ्याला शुद्ध मराठीत बोलायचे पुरेसे शब्द त्यांच्यापाशी नव्हते.

नुसतं दार लावूनही भागत नसे, खिडक्याही लावाव्या लागत. ही बोली खाडीवर एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलायला घडलेली. ती हळू बोलायला गेलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आजारी आहे. त्यामुळे भर मे महिन्यात नाखवांच्या खिडक्या बंद असायच्या आणि आत तिघं घामाघूम होऊन मोकळेपणानं बोलत असायची. मास्तरांना वारा सोसत नाही असं सोसायटीनं आपापसांत ठरवून टाकलं होतं.

जगन गोमाजी नाखवा मूळचे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. डी.एड.च्या पहिल्याच दिवशी सरांनी त्यांना धडा वाचायला उभं केलं आणि पहिल्या दोन ओळींतच अख्खा वर्ग हसला. चांगला पाच मिनिटं हसला. सर तर चष्मा काढून डोळे पुसत होते. त्या पाच मिनिटांची भरपाई मास्तर गेली बावीस वर्षं करत होते. आता ते छापल्यासारखं बोलत. सोसायटीच्या फळ्यावरची सूचना त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय लागत नसे, गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक तेच, आणि त्यांच्याशी बोलण्याआधी लोक वाक्य मनात जुळवून घेत. कुणाकडे स्कूटर होती, कुणाकडे रंगीत टीव्ही होता. मास्तरांकडे शुद्ध भाषा होती, आणि ती गेली तर आपल्याकडे काहीच उरणार नाही अशी त्यांची खात्री होती.

अशा माणसाला एक्याण्णव सालच्या फेब्रुवारीत जनगणनेची ड्युटी लागली, आणि तीही मधुमालती सोसायटीतच.

मास्तर धावत कचेरीत गेले. फॉर्मात मातृभाषेचा रकाना होता आणि त्याशेजारी 'इतर येणाऱ्या भाषा' असा आणखी एक होता. आपल्याच सोसायटीत हे विचारत फिरायचं म्हणजे कधी ना कधी कुणीतरी उलट विचारणारच, "मास्तर, तुमची काय लिहिलीत?"

"मला लांबची ड्युटी द्या," मास्तर कारकुनाला म्हणाले. "माजिवडा द्या. खडवली द्या."

"माजिवडा ठाण्यात. खडवली ग्रामीणमध्ये. दोन्ही आमच्यात नाहीत," कारकून मान वर न करता म्हणाला. "अहो, लोक घराजवळची ड्युटी मिळावी म्हणून माझ्याकडे चहा घेऊन येतात आणि तुम्ही लांबची मागताय? घरी काही भांडण वगैरे?"

घरी भांडण नाही एवढं सिद्ध करण्यातच मास्तरांची अर्धी सुट्टी गेली. ड्युटी काही बदलली नाही.

पहिलं घर तळमजल्यावरच्या आबांचं. आबा कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारच्या मनात काय आहे हे सरकारच्याही आधी त्यांना कळायचं.

"मातृभाषा मराठी लिहिली. इतर येणाऱ्या भाषा? दोन सांगा."

"कशाला?"

"रकाना आहे म्हणून."

"मास्तर, छत्तीस वर्षं मी रकाने भरलेत," आबा म्हणाले. "सरकार उगाच रकाना ठेवत नाही." त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. "फोन!"

"फोन काय?"

"ज्या भागात इंग्रजी येणारे जास्त, त्या भागात टेलिफोन आधी. अहो, ट्रंककॉलच्या बाया इंग्रजीतच बोलतात ना? मग ज्यांना त्यांचं कळतं त्यांनाच फोन देणार. उघड आहे. लिहा, घरातल्या पाचही जणांना इंग्रजी."

सोसायटीत तेव्हा एकाही घरी फोन नव्हता. आबांनी त्र्याऐंशी साली नंबर लावला होता. बाकीच्यांचे नंबर त्यांच्याही मागे. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जावं लागे आणि तिथे खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या चार लोकांच्या देखत सासरच्यांशी गोड बोलावं लागे. त्यामुळे आबांचा शोध तासाभरात तिन्ही मजल्यांवर पोचला, आणि संध्याकाळपर्यंत मधुमालती सोसायटी इंग्रजी शिकून तयार होती.

मास्तरांच्या शेजारच्या रंभाबाईंनी दारातच सांगितलं, "आमच्याकडे सहाही जणांना येतं."

"सासूबाईंनाही?"

"सगळं समजतं त्यांना. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री लागली की विकेट पडल्यावर बरोबर हळहळतात."

"आणि हे आठ महिन्यांचं बाळ?"

"ते टाटा करतं," रंभाबाई म्हणाल्या. "मराठीत तर अजून काहीच करत नाही."

प्रशिक्षणात मास्तरांना तीनदा बजावलेलं होतं की माणूस सांगेल ते लिहायचं, परीक्षा घ्यायची नाही. पण मास्तरांच्या हातात कागद आणि समोर माणूस आला की परीक्षा आपोआप सुरू होते, त्याला ते तरी काय करणार? ते इंग्रजी पेपर काखेत घेऊन फिरायला लागले. आबांकडे परत जाऊन त्यांनी पेपर पुढे केला. आबांनी पहिल्या पानावरचा मथळा खडखडीत वाचला.

"अर्थ सांगा," मास्तर म्हणाले.

"अर्थाचा रकाना आहे का?" आबांनी विचारलं. नव्हता.

सेक्रेटरी भाऊंच्या घरी मात्र मास्तरांवरच उलटली. भाऊंची नवी सून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. काखेतला पेपर पाहताच तिनं हसून एक लांबलचक इंग्रजी प्रश्न टाकला. मास्तरांना त्यातलं काहीही कळलं नाही. मोठ्या रुबाबात ते म्हणाले, "येस." तिनं काय विचारलं होतं ते त्यांना आजतागायत समजलेलं नाही, पण भाऊ "मग झालं तर" म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

एका घरी मात्र उलटाच प्रकार झाला. भीमाबाई सोलापूरच्या. घरी तेलुगू बोलायच्या, सासूशी कन्नड, बाकी जगाशी मराठी, पंजाबी शेजारणीशी हिंदी आणि वाण्याशी गुजराती. "मला काही येत नाही हो मास्तर," त्या ओशाळून म्हणाल्या. "शिकलेलीच नाही मी. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. रकाना रिकामाच सोडा." मास्तरांना पुढच्या घरी इंग्रजी पकडायची घाई होती. त्यांनी मातृभाषेत तेलुगू लिहिलं आणि पुढचा रकाना खरोखरच रिकामा सोडला.

चौथ्या दिवशी सोसायटीनं वर तक्रार केली. 'आम्हांस इंग्रजी उत्तम येत असताना प्रगणक संशय घेतात' असा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर गेला. अर्ज मराठीत होता.

एवढं झालं तेवढं पुरे होतं. पण पाचव्या दिवशी दुपारी जिन्यातून अशी हाक आली की तळमजल्यापासून वरपर्यंत सगळी कबुतरं उडाली.

"जगन्या! अरं जगन्या! दार उघर रं, हात भरलं हान माजं!"

मास्तरांची आई, मनुबाई. ठाण्याच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई. डोक्यावर कपड्यांचं बोचकं आणि दोन्ही हातांत सुक्या मासळीच्या पिशव्या घेऊन ती दारात येऊन उभी राहिली, मास्तरांनी दार उघडलं, आणि त्याच क्षणी शेजारचंही दार उघडलं.

"एवढं कोण ओरडलं हो?" रंभाबाईंनी विचारलं.

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "कुणी कोळीण होती. गेली खाली."

"आणि या?"

"माझी आई. हिचा घसा पार बसलाय. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्दही बोलायला बंदी केलीय."

मनुबाईंना काही बहिरेपण आलेलं नव्हतं. त्यांनी लेकाकडे एकदा नीट पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. मास्तरांना स्वतःची फार लाज वाटली. पण त्यांच्या घरी लाजही दार लावूनच वाटून घ्यावी लागे, म्हणून त्यांनी आधी दार लावलं.

आत मनुबाई पाटावर बसल्या. रागावल्या नाहीत, त्यामुळे तर मास्तरांना जास्तच जड गेलं.

"कोलीवाऱ्यान गनतीवाला आला," त्या सांगायला लागल्या. "बोलतंय, म्हातारे, घरान कोन कोन? मी बोलली, मी. अजून कोन? बोलली, मीच. त्यानं एक लिवला. मी बोलली पूस तो एक. माजा पोऱ्या हाय डोंबिवलीला. कागदावर मी एकटी कशाला? ह्या म्हैन्यान तुज्या घरान ऱ्हाली तर तुज्या घरान नाव लिवतान ना रं?"

"लिवतान, आये."

"मग लिव. मी बाहेर तोंड नाय उघरनार. पन नाव लिव."

असा तह झाला. मास्तरांनी त्याच दिवशी आपल्या घरचा फॉर्म भरला. चौथ्या ओळीत आईचं नाव लिहिलं. मातृभाषेच्या रकान्यात चारही जणांपुढे 'मराठी' लिहिलं, तेही सुंदर अक्षरात, आणि आईला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

मास्तरांचा हिशेब असा होता की न बोलणारी म्हातारी घरात असल्याचं कुणाला कळणारही नाही. पण मधुमालती सोसायटीत आजारी माणूस कळायला दुपारचा चहाही पुरतो. रंभाबाई ज्येष्ठमध घेऊन आल्या. भीमाबाईंनी आल्याचा रस आणला. भाऊंनी कानात घालायला कापूस दिला, कारण घसा, कान आणि नाक एकच असतं म्हणे. आबांनी तळपायाला कांदा बांधायला सांगितला, आणि तेवढ्यावर न थांबता स्वतः येऊन बांधला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या तर दिवसातून सहा वेळा, शेजारणींच्या देखरेखीखाली. ठणठणीत घशाची ती बाई निमूटपणे गुळण्या करत राहिली आणि मास्तर दारामागे उभे राहून प्रत्येक गुळणी मोजत राहिले.

मग लोकांच्या लक्षात आलं की ही बाई उलट बोलत नाही. अशी बाई सोसायटीत आजवर आलीच नव्हती. औषध द्यायला आलेली माणसं बसायला लागली, आणि बसली की बोलायला लागली.

"तुम्हाला म्हणून सांगते आजी," रंभाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मुलीच्या शाळेत मीटिंगला गेले की बाई इंग्रजीत बोलतात आणि मी नुसती मान हलवते. गेल्या वेळी मान हलवली आणि सहलीबरोबर जायला मीच कबूल झाले. सत्तर मुलं घेऊन गेलेले हो मी."

आबा म्हणाले, "छत्तीस वर्षं साहेबाची इंग्रजी पत्रं फायलीला लावली, आजी. एक वाचलं असेल तर शपथ. आकार बघून लावायचो."

भाऊंनी तर दार लोटून घेतलं. "सून आणि मुलगा जेवताना इंग्रजीत बोलतात. मला वाटतं माझ्याबद्दलच बोलतात. मी हसतो आपला. घरातच पाहुण्यासारखं वाटतं हो."

मनुबाई प्रत्येकाचा हात हातात घेऊन थोपटायच्या. माणसं हलकी होऊन घरी जायची आणि बाहेर म्हणायची, "आजी किती समजून घेतात!" संध्याकाळी दारं-खिडक्या लागल्या की शेवंतीबाई विचारायच्या, "आये, रंभाबाई क बोलली गो?" मनुबाई म्हणायच्या, "तिचा तिला म्हाईत."

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी पर्यवेक्षक सुमती गायकवाड आल्या. कल्याणच्या एका शाळेत मुख्याध्यापिका, गळ्यात साखळीचा चष्मा, खांद्याला पाण्याची बाटली, आणि हातात सोसायटीचा तक्रारअर्ज. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्यांना खुर्ची दिली गेली आणि पाच मिनिटांत तिन्ही मजले तिथे गोळा झाले.

"नाखवा, एकशे सहा माणसं आणि त्र्याण्णव जणांना इंग्रजी?" गायकवाडबाई म्हणाल्या. "अख्ख्या वॉर्डात मिळून मला एवढं इंग्रजी सापडलं नाही. शिवाय तुम्ही परीक्षा घेता म्हणे. आता मी तपासते. सुरुवात तुमच्याच घरापासून करू."

त्यांनी फॉर्म काढला.

"मनुबाई गोमाजी नाखवा. मातृभाषा मराठी. कुणी सांगितली?"

"मीच लिहिली."

"सगळ्या सोसायटीला विचारत फिरलात, घरात विचारलंत का?"

"तिचा घसा बसलाय," मास्तर म्हणाले, आणि सगळ्या गॅलरीनं कळवळून दुजोरा दिला. आबांनी कांद्याचाही उल्लेख केला.

गायकवाडबाई मनुबाईंकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आजी, तुम्ही लहान असताना तुमची आई तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायची? बोलू नका, नुसती मान हलवा. मराठीत?"

मनुबाईंनी लेकाकडे पाहिलं. मग गॅलरीतल्या गर्दीकडे पाहिलं. आणि सावकाश, 'हो' अशी मान हलवली.

मास्तरांना ते पाहवलं नाही. त्यांची आजी, आईची आई, होडीच्या काठावर बसून जाळं विणताना आईला हाका मारायची त्या त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. तिचं बोलणं आई आता त्यांच्या इज्जतीपायी एका मानेत पुसून टाकत होती, आणि वर लेकाला बरं वाटावं म्हणून थोडं हसतही होती.

"नाय, बाय!" मास्तर ओरडले. होडीतून होडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. "खोटा हाय तो! तिच्या घशाला कय जाला नाय. आये, बोल गो. कवरी गप बसशील माज्यासाठी?"

मनुबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माजी आय बोलाची तीच मी बोलतंय, बाय," त्या गायकवाडबाईंना म्हणाल्या. "न तीच ह्यो माजा पोऱ्या बोलतंय. पन दार लावून. न बाय, त्या मिठाच्या पान्यानं माजी जीब जलली."

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. आता हसतील. पाच मिनिटं हसतील, आणि ह्या वेळी बदलून जायला दुसरी सोसायटीही नाही. ते वाट पाहत राहिले. पण कुणीच हसेना, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळी गॅलरी पांढऱ्या चेहऱ्यानं मनुबाईंकडे पाहत होती.

"म्हणजे," रंभाबाई कशाबशा म्हणाल्या, "आजींना बोलता येतं?"

"चांगलंच येतं की," भाऊ म्हणाले आणि त्यांनी कठड्याला धरलं.

बावीस वर्षं बंद खिडक्यांत घाम गाळला, आणि लोकांना त्याचं काहीच नव्हतं! मास्तरांना एकाच वेळी फार हलकं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. निदान एखाद्यानं तरी "अय्या, मास्तर!" एवढं म्हणायला हरकत नव्हती.

आबांनी घसा खाकरला. "गायकवाडबाई, आमच्या घरचं ते इंग्रजी… ते जरा चुकून लागलंय. काढता येईल का?"

"खाडाखोड केली तर प्रत्येक ठिकाणी मला सही करावी लागते."

"करा हो. आम्ही थांबतो," आबा म्हणाले, आणि मनुबाईंकडे हळूच पाहत रांगेत पहिले उभे राहिले.

त्यांच्यामागे रंभाबाई, त्यांच्यामागे तिसरा मजला. मनुबाई तोंडातून अवाक्षर काढत नव्हत्या. त्या नुसत्या खुर्चीशेजारी बसून प्रत्येकाकडे मायेनं पाहत होत्या, आणि त्या पाहण्यानं इंग्रजी भराभर उतरत होतं. सर्वांत आधी आठ महिन्यांच्या बाळाचं गेलं. भाऊंनी सुनेचं आणि मुलाचं ठेवून स्वतःचं काढलं. त्र्याण्णवावरून सोसायटी दुपारपर्यंत नवावर आली. भीमाबाई एकट्या मागे उभ्या होत्या. त्यांना काढण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनीच त्यांना पुढे आणलं आणि म्हणाले, "बाई, इथे एक रकाना मी रिकामा सोडलाय. माझी चूक आहे. ह्यांना चार भाषा वरून येतात आणि तुमच्याकडे जागा दोनांची." भीमाबाईंनी कुठल्या दोन ठेवायच्या यावर बराच विचार केला आणि शेवटी म्हणाल्या, "मराठी लिहा, आणि कन्नड. सासूबाईंना वाईट वाटायला नको."

पासष्टाव्या सहीनंतर गायकवाडबाईंचा हात दुखायला लागला. सर्वांत शेवटी त्यांनी पुन्हा नाखवांचा फॉर्म वर घेतला. मास्तरांनी चारही ओळींतलं 'मराठी' खोडलं आणि 'कोळी' लिहिलं. अक्षर काही सुंदर आलं नाही.

"आणि आजी, इतर भाषा कुठली येते?"

"मराठी लिव," मनुबाई म्हणाल्या. "बोलाला नाय जमत, पन समाजतं. ह्या लोकांचा आयकून आयकून समाजतं."

गॅलरीतल्या दोन-चार जणांनी एकदम खाली पाहिलं.

"न बाय, माजा नाव हाय ना त्यान? पोऱ्याच्या घरान?"

गायकवाडबाईंनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवलं. "अनुक्रमांक चार. मनुबाई गोमाजी नाखवा. कुटुंबप्रमुखाशी नातं, आई."

मनुबाईंनी गॅलरीभर नजर फिरवली. कुणी घरी गेलेलं नाही ना, ते पाहून घेतलं.

"परत वाच, बाय," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यान."